पाटीवरचं ‘आरू’

बेंगळूरजवळच्या आनेकलच्या बाहेर अत्तिबेलेच्या रस्त्याला अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या आणि पट्ट्या काढणारा एक मध्यम कारखाना आहे. तिथल्या एजिंगच्या, म्हणजे माल तापवून कडक करायच्या, भट्टीवर खंडोजी एकवीस वर्षं काम करत होता. भट्टी म्हणजे खोलीएवढी लोखंडी पेटी. आत पंखा, बाहेर पॅनेल, दाराशेजारी खिळ्याला टांगलेली एक पाटी.

रॅक भरताना खंडोजी दोन नळ्यांत बोटभर फट ठेवायचा. प्रत्येक थराखाली पट्ट्या घालायचा. इतर पाळ्यांची माणसं वीस मिनिटांत रॅक भरत. त्याला चाळीस लागत. नळ्या एकमेकींना चिकटल्या, तर कडेच्या नीट तापतात आणि मधल्या कच्च्या राहतात. ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. पण ठाऊक असणं वेगळं आणि रोज चाळीस मिनिटं वाकून काम करणं वेगळं.

माणूस मूळचा निपाणीकडचा. वडील तंबाखूच्या वखारीत. विशीत तो बेंगळूरला आला, तिथल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत दोन कारखान्यांत राबला आणि मग आनेकलला टिकला. घरी बायको गंगव्वा. दोघांच्या बोलण्यात मराठी कुठे संपते आणि कन्नड कुठे सुरू होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दूध तापलं की ती म्हणायची, “स्वल्प आरू दे.” म्हणजे थोडं निवू दे. चहा आरू द्यायचा, भाकरी आरू द्यायची. हा शब्द कन्नड आहे हेच खंडोजी विसरून गेला होता.

लोखंड लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, हे कुठलाही लोहार सांगेल. या धातूची तऱ्हा वेगळी. प्रेसमधून गरम नळी बाहेर पडली की पंख्याखाली झटकन गार करायची. गार झाली तरी ती मऊ असते. मऊ आहे तोवर वाकवून घ्यायची. मग भट्टीत एकशे पंच्याहत्तर अंशांवर आठ तास ठेवायची. त्या आठ तासांत तिच्या अंगी बळ येतं. तास कमी पडले तर कच्ची राहते, फार जास्त झाले तर पुन्हा मऊ पडायला लागते. खंडोजीचे आठ तास बटण दाबल्यापासून सुरू होत नसत. भरलेला रॅक आतपर्यंत तापायलाच पावणेदोन तास लागत. पॅनेलवरच्या तापमानाच्या काट्यांतला सगळ्यांत मागे राहणारा एकशे पंच्याहत्तरला टेकला की तो घड्याळ बघायचा आणि तिथून पुढे आठ मोजायचा.

एवढं करूनही वर्षभर माल परत येत होता. आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना धरून चालायचे वॉकर बनवणारं एक गिऱ्हाईक होतं. त्यांच्या नळीला दोन ठिकाणी बाक द्यावा लागे. बाक दिला की बाहेरच्या अंगाला संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा यायचा, आणि दहातल्या दोन-तीन नळ्यांना तिथेच केसासारखी चीर पडायची. कधी ती चीर इथेच दिसे, कधी गिऱ्हाइकाकडे गेल्यावर. खंडोजी मालाच्या रॅककडे बघून म्हणायचा, “आपण चाळीस मिनिटं वाकायचं ते भंगारासाठी.” त्याला दुसरं कसलं दुःख नव्हतं. वाया गेलेली मेहनत मात्र त्याला सोसत नसे.

तशात पुण्याची सुखदा आली. धातुशास्त्र शिकलेली, वय सत्तावीस, कोरमंगलात राहणारी, रोज कंपनीच्या गाडीने दीड तास येणारी. कारखान्यात मराठी बोलणारं माणूस सापडलं म्हणून पहिल्याच दिवशी ती भट्टीपाशी येऊन बसली. खंडोजीला ‘काका’ म्हणायला लागली, तो तिला ‘ताई’. कन्नड शिकायची तिने जिद्द धरली होती. कँटीनमध्ये इडल्या मोजून घ्यायची, “ओंदु, एरडु, मूरु,” आणि वाढणारी चंपा हसून आणखी एक इडली टाकायची.

सुखदाने पहिलं काम केलं ते चिरांचं. तिने ओतलेल्या बिलेटची, म्हणजे प्रेसमध्ये घालायच्या दंडगोल ठोकळ्याची, एक चकती कापली. ती घासली, कॉस्टिकच्या पाण्यात बुडवली आणि धुऊन खंडोजीच्या हातात दिली.

“काय दिसतं, काका?”

चकतीवर ठिगळं ठिगळं दिसत होती. काही तुरीच्या डाळीएवढी, काही लांबट पिसांसारखी.

“हा धातूचा दाणा,” ती म्हणाली. “ओततानाच एवढा मोठा पडतोय. त्यात सगळीकडे सारखा नाही. मग पुढे नळी ताणली, वाकवली की प्रत्येक दाणा आपापल्या दिशेने सरकतो. म्हणून ती साल.”

“माझ्या भट्टीत दाणा बारीक होतो का?”

“नाही. तुमच्या भट्टीत बळ येतं. दाणा बारीक करायचा तो वितळलेला असतानाच.”

खंडोजीने चकती उलटी करून पाहिली. एकवीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “म्हणजे मी वर्षभर फुटक्या मडक्यालाच भाजत होतो,” तो म्हणाला.

दाणा बारीक करायला टायटॅनियम आणि बोरॉन घातलेली अ‍ॅल्युमिनियमची कांडी मिळते, बोटाएवढी जाड, वेटोळं करून येते. कारखान्यात ती होती. पण ओतकाम बघणारे नरसिंहराव तिचे तुकडे करून सुरुवातीलाच धातू वितळवायच्या भट्टीत टाकायचे आणि चहाला जायचे. ओतायची वेळ येईपर्यंत त्यातला कामाचा बारीक चुरा तळाशी बसलेला असायचा. पुढे त्यांनी तेही सोडून दिलं. सुखदाचं म्हणणं असं की कांडी भट्टीत टाकायचीच नाही. धातू पन्हळीतून साच्याकडे वाहत असताना ती त्या धारेत एकसारखी, ठरल्या वेगाने सोडायची, शेवटच्या थेंबापर्यंत.

“म्हणजे अगरबत्ती धरल्यासारखं तासभर उभं राहायचं?” नरसिंहराव म्हणाले. “वर मंत्र कुठला म्हणू तेही सांग.”

“मंत्र नको. वेग सांभाळा,” सुखदा म्हणाली.

कारखान्याच्या मॅनेजर राजलक्ष्मी मॅडमनी दोघांचं ऐकलं आणि एकाच ओतकामाची परवानगी दिली. एकदा कांडी घालून ओतायचं, त्याच्या नळ्या काढायच्या. बुधवारी संध्याकाळी पाचला गिऱ्हाइकाचा माणूस नमुने न्यायला येणार होता. नमुने चांगले निघाले तर पुढचं सगळं ओतकाम कांडीवर. नाहीतर वेटोळं परत आणि विषय बंद.

ओतायच्या दिवशी नरसिंहराव कुरकुरत का होईना, तासभर पन्हळीशी उभे राहिले. नव्या बिलेटची चकती सुखदाने खंडोजीला दाखवली. या वेळी ठिगळं दिसेचनात. रव्यासारखा दाणा, काठापासून मध्यापर्यंत सारखा.

मंगळवारी सकाळी नळ्या प्रेसमधून निघाल्या, गार झाल्या, वाकल्या. शंभर नळ्यांत एकीलाही चीर नव्हती. राजलक्ष्मी मॅडमनी बाकावरून अंगठा फिरवला आणि मग पुढच्या नळीवर फिरवला. खंडोजीने रॅक भरायला घेतला. त्या दिवशी त्याला पन्नास मिनिटं लागली.

रॅक आत गेला तेव्हा दोन वाजून गेले होते, त्याची पाळी संपली होती. पॅनेलवर इलेक्ट्रिशियनचं काम चाललेलं, तीन वाजल्याशिवाय बटण दाबता येणार नव्हतं. एरवी खंडोजी थांबला असता. पण गंगव्वाला डोळे दाखवायला न्यायचं होतं, आणि दुसऱ्या पाळीला सुरज होता. सुरज चिकोडीकडचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला. तो आठ तास कसे मोजायचे ते जाणत होता. फक्त एक खोड होती त्याला. माल निघाला की गरमागरम असतानाच तपासायचा. म्हणून खंडोजीने पाटीवर खडूने लिहिलं: कांडीचा माल. १७५. आरू.

आणि तो बस पकडायला गेला. सुरज त्या दिवशी चुलतभावाच्या लग्नाला रजेवर आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

बुधवारी सकाळी सहाला त्याने दार उघडलं. माल थंडगार होता. सुखदा आठाच्या आधीच आली. तिने कडकपणा तपासायचं वेबस्टर काढलं. हे पकडीसारखं असतं. नळीची कड त्यात धरून दाबायची, वरचा काटा आकडा दाखवतो. या नळीला बारा किंवा वर हवेत.

दहा.

तिने दुसरी नळी घेतली. दहा. मधल्या थरातली नऊ. खंडोजीने तिच्या हातातून वेबस्टर घेतलं, बारा आकड्याच्या नमुन्याच्या तुकड्यावर लावून पाहिलं. तिथे बाराच आले. पकड बरोबर होती.

तोवर राजलक्ष्मी मॅडम आल्या, मागोमाग नरसिंहराव. मॅडम कन्नडमधून बोलल्या, आवाज न चढवता. “दिसायला सुंदर आहे. पण ह्याच्यावर म्हातारं माणूस भार टाकणार. नऊवर मी देणार नाही.”

“सांगत होतो,” नरसिंहराव म्हणाले. “चांगल्या धातूत औषध घातलं की असंच व्हायचं. आमची अगरबत्ती फुकट गेली.”

सुखदा म्हणाली, “कांडीने मऊ नाही होत, मॅडम.”

“मग कशाने झालं?”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. “सरी, ठीक आहे. गिऱ्हाइकाला फोन करून येऊ नका म्हणते. कांडी बंद.”

“मॅडम, नऊ वाजेपर्यंत थांबा,” खंडोजी म्हणाला. “मला तक्ता बघू द्या.”

भट्टीच्या पॅनेलवर एक गोल कागद फिरत असतो आणि पेनाची रेघ तापमान लिहीत जाते. खंडोजीने तो काढून खिडकीशी नेला. रेघ तीनला चढायला लागली होती, पावणेपाचला वर पोचली होती आणि नऊला खाली उतरली होती. वर सपाट चालली ती सव्वाचार तास. त्याने बोटाने दोनदा मोजलं. मग सुखदाला बाजूला घेतलं.

“ताई, काल बटण कुणी दाबलं?”

“मी. सुरज रजेवर होता ना. तीनला पॅनेल झालं, मीच लावलं.”

“किती तास लावलेत?”

“सहा.”

“सहा कशाला?”

“काका, तुम्हीच लिहिलंत की. पुस्तकात आठ आहे, मला माहितीये. पण मला वाटलं, बारीक दाण्याचा माल आहे, काकांनी काही विचार करूनच सहा लिहिलं असणार. एकवीस वर्षं बघताय तुम्ही.”

“मी सहा लिहिलं?”

“आरु. ऐदु, आरु, एळु. आरु म्हणजे सहाच ना?”

खंडोजी पाटीसमोर जाऊन उभा राहिला. अक्षर त्याचंच होतं, वळणदार, ठळक. त्याने तो शब्द तीनदा वाचला आणि तिसऱ्या वेळी त्याला त्यात सहा दिसले.

“हे सहा नव्हे, ताई,” तो म्हणाला. “हे ‘निवू दे’. आमच्यात दुधाला म्हणतात.”

सुखदाने तोंडावर हात ठेवला. हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती. खंडोजीलाही हसू आलं, पण तो लगेच कामाकडे वळला. सहा लावले, त्यातले पावणेदोन तापण्यातच गेले. पॅनेल बटण दाबल्यापासून मोजतं, हे पोरीला ठाऊक नव्हतं. राहिले सव्वाचार. म्हणजे माल बिघडला नव्हता, अर्धा शिजून बाहेर आला होता. कच्चं राहिलेलं पुढे शिजवता येतं. जास्त शिजलं असतं तर हात टेकावे लागले असते.

“पुन्हा आत घातला तर चालेल?” त्याने विचारलं.

“चालेल. उरलेला वेळ द्यायचा. पावणेचार तास.” तिने हिशेब मांडला. “तापायला पावणेदोन. आत्ता साडेआठ.”

“नऊला दार लावतो. पावणेअकराला तापेल. अडीचला निघेल. आरायला तास.” तो थांबला. “निवायला तास. साडेतीन.”

मॅडमच्या खोलीत जाताना सुखदा हळूच म्हणाली, “काका, मी सांगते की टायमर मध्येच बंद पडला. इलेक्ट्रिशियन कालच काम करत होता. कुणाला काही वाटणार नाही.”

“टायमरवर कशाला घालता?” खंडोजी म्हणाला. “त्याने सहा सांगितल्यावर सहा केले. त्याची काय चूक? उद्या मॅडम टायमर बदलायला लावतील. चांगला टायमर भंगारात.”

तो आत गेला आणि त्याने उभ्यानेच सांगितलं. शब्द आपण लिहिला, अपुरा लिहिला, तो सहा असा वाचला गेला. माल कच्चा आहे तो त्यामुळे. कांडीमुळे नव्हे. साडेतीनला बारा येतील.

राजलक्ष्मी मॅडम कन्नड बोलणाऱ्याच. त्यांना शब्द सांगताच कळला. त्यांनी कपाळाला हात लावला. “खंडोजी, आठ तासांचं काम आणि तुम्ही दोन अक्षरांत लिहिता?”

“सुरजला कळलं असतं.”

“सुरज नव्हता.”

“हो. ते माझ्या ध्यानात यायला हवं होतं.”

“आणि बारा नाही आले तर?”

“तर कांडी बंद करा. पण आठ तास पुरे झाल्यावर करा.”

मॅडमनी फोन उचलला नाही. “सरी. साडेतीन,” त्या म्हणाल्या.

नऊला दार लागलं. या वेळी रॅक हलवायची गरज नव्हती, तरी खंडोजीने मधल्या थरातल्या सरकलेल्या दोन नळ्यांत पुन्हा फट केली. पावणेअकराला मागचा काटा टेकला. त्याने घड्याळ बघितलं, पाटी पुसली आणि पूर्ण वाक्य लिहिलं, सुरू झाल्याची वेळ, काढायची वेळ, मराठीत आणि खाली कन्नडमध्ये. मग स्टूल असूनही तो बसला नाही. दोनला पाळी संपली, तरी डबा घेऊन परत तिथेच आला. नरसिंहराव एकदा फिरकून गेले.

“काय, शिजलं का दूध?”

“शिजतंय. उतू जात नाही ना, एवढं बघतोय.”

“माझी पण तासभराची मेहनत आहे त्यात,” नरसिंहराव म्हणाले. थट्टेतच म्हणाले, पण जरा थांबून त्यांनी काट्याकडे बघितलं आणि मग गेले.

अडीचला रॅक बाहेर आला. तीनला मॅडम वेबस्टर घेऊन आल्या. खंडोजीने नळीवर तळहात ठेवून पाहिला आणि मान हलवली. “अजून हात टिकत नाही. गरम माल खोटा आकडा देतो.” मॅडम मॅनेजर होत्या, पण थांबल्या. जमिनीवरचे दोन पंखे लावले होते. साडेतीनला त्याने पुन्हा हात ठेवला, दहापर्यंत मोजलं आणि बाजूला झाला.

वरच्या थरातली नळी बारा. खालच्या थरातली साडेबारा. मधल्या थरातली, सकाळी नऊ दाखवणारी, बारा. मॅडमनी स्वतः सहा नळ्या तपासल्या. मग एक वाकवलेली नळी शिकंज्यात धरून नरसिंहरावांना दांडीने ओढायला लावलं. नरसिंहराव घामाघूम झाले. नळी थोडी लवली, पण बाक फाटला नाही.

पाचला गिऱ्हाइकाचा माणूस नमुने घेऊन गेला. मॅडमनी नरसिंहरावांना सांगितलं, शुक्रवारच्या ओतकामाला कांडी पन्हळीतच सोडायची. ते म्हणाले, “उभं राहायला एक स्टँड बनवून द्या निदान.” मॅडमनी होकार दिला.

राहिला होता चाचणीचा अहवाल. सुखदाने तो कॉम्प्युटरवर लिहिला आणि छापून खंडोजीपुढे ठेवला. भट्टीवाल्याची सही लागायची. दाणा, बाक, वेळ, आकडे, सगळं होतं. सकाळच्या दहा आणि नऊपुढे लिहिलं होतं: ‘पाटीवरील सूचनेबाबत गैरसमज झाल्याने माल कमी वेळ भट्टीत राहिला.’

खंडोजीने चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

“गैरसमज कुणाचा, ते कळत नाही यात,” तो म्हणाला. “सूचना अपुरी होती असं लिहा. खंडोजीने लिहिलेली. उद्या कुणी वाचलं तर त्याला कळायला पाहिजे, काय करायचं नाही ते.”

“काका, हे फाइलला कायम राहतं.”

“कायम राहावं म्हणूनच लिहितात ना?”

सुखदाने कागद परत घेतला. छापायला पुन्हा न जाता तिने पेनानेच ते वाक्य खोडलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं. मग हात न थांबवता खाली आणखी एक ओळ लिहिली: ‘पुस्तकातल्या वेळेपेक्षा वेगळी वेळ दिसूनही मी विचारून घेतलं नाही. पॅनेल कुठून मोजतं हेही विचारलं नाही. सुखदा.’

खंडोजीने ती ओळही वाचली. त्यात बदलण्यासारखं त्याला काही दिसलं नाही. त्याने खाली सही केली, पुढे तारीख घातली, आणि साडेपाचची बस गाठायला निघाला.